रेडिओच्या तराजूचा पासंग

बेळगावपासून निपाणीपर्यंतच्या पट्ट्यात रेडिओच्या डायलवरील काटा बोटभर सरकविला की भाषा बदलते, हा तेथील श्रोत्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. आग्नेयेस धारवाड, उत्तरेस सांगली, त्याच दिशेने पुष्कळ दूर पुणे, आणि पश्चिमेस घाटापलीकडे पणजी. धारवाडचे आकाशवाणी केंद्र १९५० साली सुरू झाले, पुण्याचे १९५३ साली, सांगलीचे १९६३ साली. आणि गोवा १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाल्यावर पणजीचे केंद्रही आकाशवाणीच्या परिवारात आले. १९५६ च्या नोव्हेंबरात बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. परंतु ज्या घरात मराठी कीर्तन ऐकले जाई त्याच घरात कानडी वचनेही ऐकली जात, हा क्रम काही मोडला नाही.

या शेजाराची एक अडचण मात्र होती. १९७८ च्या नोव्हेंबरात मध्यम लहरींची नवी आंतरराष्ट्रीय वाटणी अमलात आली आणि शेजारच्या दोन जागांमधील अंतर ९ किलोहर्ट्झ ठरले. त्या मांडणीत धारवाड ७६५ वर आणि पुणे ७९२ वर. म्हणजे दोहोंमध्ये अवघे २७ किलोहर्ट्झांचे, तीन पायऱ्यांचे अंतर. सांगली १२५१ वर आणि पणजी १२८७ वर. अंतर चार पायऱ्यांचे. बेळगावात धारवाडचा आवाज जवळचा म्हणून बलवान, तर पुण्याचा सुमारे तीनशे किलोमीटर चालून आलेला म्हणून क्षीण. रेडिओ नीट जुळलेला असेल तर ही दोन्ही केंद्रे आपापल्या जागी स्वच्छ ऐकू येतात. जुळणी बिघडली की पुण्याच्या बातम्यांवर धारवाडचे गायन चढते, आणि श्रोता दोष देतो तो हवेला, पावसाला किंवा केंद्राला. दोष पुष्कळदा घरातल्याच पेटीत असतो. तो काढण्यासाठी जे यंत्र लागते, त्याचे नाव सिग्नल जनरेटर.

या यंत्राचे काम समजण्यासाठी रेडिओच्या अंतरंगात थोडे डोकावावे लागते. १९१८ साली, पहिल्या महायुद्धाच्या काळात, एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकन संशोधकाने पॅरिसमध्ये असताना ‘सुपरहेटेरोडाइन’ ही योजना शोधून काढली. पुढे जगभर जे घरगुती रेडिओ तयार झाले ते बहुतेक याच तत्त्वावर. येणारी लहर कोणतीही असो, रेडिओ स्वतःची एक लहर निर्माण करून तिच्याशी मिसळतो आणि त्या दोहोंच्या वजाबाकीतून एक ठरावीक मधली कंपनसंख्या काढतो. कारागिरांच्या भाषेत हीच ‘आय. एफ.’ बहुतेक संचांत ती ४५५ किलोहर्ट्झ असते. धारवाड ऐकताना रेडिओची स्वतःची लहर १२२० असते. १२२० उणे ७६५, बाकी ४५५. पुण्यासाठी तीच लहर १२४७ होते. १२४७ उणे ७९२, पुन्हा ४५५. केंद्र बदलले तरी बाकी बदलत नाही. त्यामुळे रेडिओतील मुख्य चाळण एकाच कंपनसंख्येसाठी उत्तम बनविता येते.

ही चाळण म्हणजे आय. एफ. ट्रान्सफॉर्मर, अर्थात कॉइली आत ठेवलेले पत्र्याचे ते लहान डबे. साधारणतः असे दोन डबे आणि प्रत्येकात दोन कॉइली असतात. चारही कॉइली एकाच कंपनसंख्येला जुळल्या तर चाळणीचे भोक अरुंद राहते. पावसाळ्याची ओल, वर्षानुवर्षांची उष्णता आणि हौशी हातांनी फिरविलेले स्क्रू यांमुळे एक कॉइल ४४८ ला गेली व दुसरी ४६२ वर बसली, की भोक रुंद होते. आवाज तर क्षीण होतोच, शिवाय शेजारचे बलवान केंद्र आत शिरते. कानाने ऐकून हे स्क्रू जुळवू पाहणारा कारागीर बहुधा फसतो. कारण केंद्रावरचे गाणे क्षणात मोठे तर क्षणात लहान होत असते, आणि आवाज वाढला तो स्क्रू फिरविल्याने की गायकाने सूर चढविल्याने, हे कळत नाही. म्हणून स्थिर बळाची, ठरावीक कंपनसंख्येची आणि एकसुरी आवाजाची लहर हवी. सिग्नल जनरेटर ती पुरवितो. तो म्हणजे टेबलावर मावणारे एक लहानसे प्रक्षेपण केंद्रच होय. त्याच्या लहरीवर साधारण ४०० कंपनांचा एक सपाट सूर चढविलेला असतो.

व्हॉल्व्हच्या काळात ब्रिटनमधील ॲव्हो, ॲडव्हान्स, टेलर, मार्कोनी, हॉलंडची फिलिप्स आणि अमेरिकेची हीथकिट ही या यंत्रांची गाजलेली नावे होती. हीथकिटचे यंत्र सुट्या भागांच्या रूपाने येई व घेणाऱ्याने ते स्वतः जोडावयाचे असे. परदेशी चलनाची टंचाई आणि आयातीवरील निर्बंध यांमुळे १९५० नंतरच्या दोन-तीन दशकांत असे यंत्र लहान गावच्या दुकानात असणे ही मोठी मिरास होती. आजही जुन्या रेडिओची दुरुस्ती करणाऱ्यांकडे किंवा जुन्या मालाच्या बाजारात ही यंत्रे आढळतात. डायलवर ‘किलोसायकल’ असे लिहिलेले दिसले तर ते किलोहर्ट्झच समजावे. एकक तेच, १९६० नंतर नाव तेवढे बदलले.

यंत्र चालू झाले, दिवा लागला, रेडिओत सूर ऐकू आला, एवढ्यावर ते ठीक आहे असे मानणे ही या कामातील सर्वांत मोठी चूक होय. निपाणीच्या तंबाखूच्या पेठेत किंवा गुळाच्या अडतीवर तराजू दिसावयास कितीही देखणा असला तरी शेतकरी आधी त्याचा पासंग पाहतो. वजनमापांची सरकारी तपासणी होते व त्यांवर शिक्का बसतो. सिग्नल जनरेटरवर असा शिक्का मारावयास दुकानात कोणी येत नाही. म्हणून त्याचा पासंग कारागिराने स्वतः काढला पाहिजे.

हा पासंग चार ठिकाणी असतो. पहिला डायलचा. दुरुस्तीच्या साध्या यंत्रांत डायलची अचूकता नवेपणीही शेकडा एकाच्या आसपासच असे. १४०० किलोहर्ट्झवर शेकडा एक म्हणजे १४ किलोहर्ट्झ, म्हणजे शेजारचे केंद्र ओलांडून पुढे. दुसरा पासंग सरकण्याचा. यंत्र तापत जाते तशी त्याची लहर हळूहळू ढळते. वस्तुतः पहिल्या दोषापेक्षा हा दुसरा दोष अधिक घातक आहे. डायल ४५५ दाखवीत असता प्रत्यक्ष लहर ४५८ असली तरी चारही कॉइली जर त्या एकाच ४५८ ला जुळल्या, तर चाळण अरुंदच राहते. परंतु पहिली कॉइल जुळविताना लहर ४५५ आणि शेवटची जुळविताना ४५९ झाली असेल, तर कारागिराने मन लावून केलेल्या कामानेच रेडिओ बिघडतो.

तिसरा पासंग गळतीचा. संकेताचे बळ कमी करण्यासाठी यंत्रावर अ‍ॅटेन्युएटरची कळ असते. स्वस्त यंत्रांत ही कळ शून्यावर आणली तरी संकेत पेटीच्या फटींतून आणि विजेच्या दोरीतून बाहेर पडतच राहतो. याचा परिणाम सूक्ष्म आहे. रेडिओत आपोआप आवाज सांभाळणारी योजना असते, तिला ए. व्ही. सी. म्हणतात. संकेत बलवान असला की ती योजना आवाज दाबून धरते, आणि जुळणीचा उंच माथा सपाट दिसू लागतो. स्क्रू इकडे फिरवा की तिकडे, फरकच पडत नाही. जुळणी नेहमी क्षीण संकेतावर करावयाची असते, आणि गळके यंत्र क्षीण संकेत देऊच शकत नाही. चौथा पासंग असा की, साध्या यंत्रांत सूर चढविताना मूळ लहरच मागेपुढे हलते. तीच गत बाहेरची तार लांबविली किंवा रेडिओच्या निरनिराळ्या ठिकाणी लावली असता होते.

पासंग काढण्याचे साधन पूर्वी सीमाभागातल्या आकाशातच फुकट मिळत असे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. प्रक्षेपण केंद्रांची मूळ लहर स्फटिकाच्या नियंत्रणाखाली असते आणि आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे तिच्यात १० हर्ट्झांहून अधिक फरक पडू द्यावयाचा नसतो. दुरुस्तीच्या यंत्राच्या मानाने ही अचूकता कितीतरी मोठी. रीत सोपी आहे. यंत्र निदान अर्धा तास तापू द्यावे. रेडिओवर धारवाड लावावे. यंत्रावरील सूर बंद करून त्याची तार रेडिओच्या एरियलजवळ नुसती ठेवावी आणि यंत्राचा डायल ७६५ च्या आसपास सावकाश फिरवावा. रेडिओतून शीळ ऐकू येते. दोन लहरी जवळ येतील तशी शीळ खाली उतरत जाते, घरघर होते, आणि मग शांत होते. त्या शांततेच्या क्षणी यंत्राची लहर आणि केंद्राची लहर एक झालेली असते. डायलवर त्या क्षणी जो आकडा दिसेल तो लिहून ठेवावा. तो ७७१ असेल तर या जागी यंत्राचा पासंग सहाचा.

आता प्रश्न ४५५ चा. तेथे कोणतेही आकाशवाणी केंद्र नाही. येथे जुन्या यंत्राचा एक दोषच कामी येतो. ही यंत्रे मूळ लहरीबरोबर तिच्या दुपटीच्या व तिपटीच्या लहरीही सोडतात. यंत्र ४१७ वर असताना तिपटीची लहर १२५१ होते व सांगलीवर शीळ घालते; ४२९ ची तिप्पट १२८७, म्हणजे पणजी; ३८२.५ ची दुप्पट ७६५, म्हणजे धारवाड. ३९६ ची दुप्पट ७९२, म्हणजे पुणे. आणि ५२२ ची दुप्पट १०४४, म्हणजे मुंबई. या पाच ठिकाणचे पासंग आलेखाच्या कागदावर मांडून त्यांतून एक सरळ रेघ काढली की ४५५ च्या जागी किती पासंग आहे ते वाचता येते. यंत्राचा पट्टा मध्येच बदलत असेल तर प्रत्येक पट्ट्याची रेघ निराळी काढावी. अलीकडे मध्यम लहरींवरील प्रक्षेपण पूर्वीइतके सर्वत्र राहिलेले नाही. जे केंद्र ऐकू येत नसेल त्याच्या जागी १००० किलोहर्ट्झच्या स्फटिकाचा एक छोटा दोलक वापरावा, किंवा कंपने मोजून आकडा दाखविणारा अंकीय मोजयंत्राचा तुकडा आणावा. तो आज फार महाग राहिलेला नाही.

पासंग कळल्यावर सुधारणा. यांतली पहिली सुधारणा यंत्रासाठी नसून माणसासाठी आहे. पुष्कळ जुन्या यंत्रांत विजेच्या दोन्ही तारांपासून पत्र्याच्या पेटीपर्यंत कागदी कंडेन्सर जोडलेले असतात. पन्नास-साठ वर्षांनी ते गळू लागतात, आणि अर्थची तार नसेल तर पेटीला हात लावताच झटका बसतो. हे कंडेन्सर काढून त्यांच्या जागी सुरक्षिततेचा शिक्का असलेले ‘वाय’ वर्गाचे कंडेन्सर लावावे, तीन तारांची दोरी व फ्यूज बसवावा आणि पेटी अर्थला जोडावी. ज्या जुन्या रेडिओंत पत्र्याचा सांगाडाच विजेच्या एका तारेला जोडलेला असतो, असे ए. सी.–डी. सी. संच आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय उघडू नयेत आणि यंत्राचा चिमटा त्यांच्या सांगाड्याला लावू नये. या बाबतीतली घाई जिवावर बेतू शकते.

त्यानंतर वीजपुरवठ्याचे कोरडे पडलेले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर आणि मेणात बुडविलेले कागदी कंडेन्सर बदलावे. ज्या कार्बन रेझिस्टन्सची किंमत शेकडा वीसहून अधिक चढली असेल तेवढेच बदलावे. परंतु लहर निर्माण करणाऱ्या कॉइली, त्यांच्या जवळचे अभ्रकाचे कंडेन्सर आणि गँगच्या पाती यांना हात लावू नये. डायलवरील रेघा कारखान्यात याच भागांना जुळवून आखलेल्या असतात. नवा भाग कितीही चांगला असला तरी त्याने डायल खोटा ठरतो. स्विचचे संपर्क स्वच्छ करावे, ढिले स्क्रू आवळावे, पेटीच्या कडांवरील रंग व गंज खरवडून पत्र्याला पत्रा नीट टेकेल असे करावे. गळती निम्मी येथेच थांबते.

लहर सरकण्यावर उपाय दोन: दोलकाला मिळणारा विजेचा दाब झेनरने किंवा जुन्या पद्धतीच्या नियंत्रक नळीने स्थिर करणे, आणि अर्धा तास वाट पाहणे. यांतला दुसरा उपाय फुकटचा असल्याने तोच बहुधा टाळला जातो. बाहेरची तार लावताच लहर हलत असेल तर दोलक आणि तार यांच्यामध्ये ट्रान्झिस्टरचा एक मध्यस्थ टप्पा घालावा; त्याला बफर म्हणतात. तो बाहेरचे ओझे आतल्या दोलकापर्यंत पोचू देत नाही. मोजयंत्राचा तुकडाही याच टप्प्यानंतर जोडावा, आणि मोजून झाल्यावर बंद करावा. कारण तो स्वतःच रेडिओत खरखर उत्पन्न करतो. संकेत आणखी क्षीण करण्यासाठी पत्र्याच्या छोट्या डबीत तीन रेझिस्टन्स डाखून बाहेरची पायरी करता येते: मध्ये सुमारे २४७ ओहमचा एक, आणि दोन्ही टोकांपासून अर्थपर्यंत सुमारे ६१ ओहमचा एकेक. पन्नास ओहमच्या तारेवर अशी एक पायरी संकेताचा दाब दहाव्या हिश्शावर आणते; अशा दोन जोडल्या तर शंभराव्या हिश्शावर.

असे सुधारलेले यंत्र हाती आले की रेडिओच्या जुळणीचा क्रम ठरलेला आहे. आधी आय. एफ. रेडिओचा स्वतःचा दोलक थांबवून ०.१ मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमधून मिश्रण करणाऱ्या व्हॉल्व्हच्या ग्रिडला ४५५ चा संकेत द्यावा. कंपनीच्या नकाशावर ४५२, ४६५ किंवा ४७० लिहिले असेल तर तोच आकडा प्रमाण मानावा. कानावर विसंबू नये. लाउडस्पीकरच्या दोन टोकांवर ए. सी. मीटर लावावे. सूर चढविल्याने लहर हलत असेल तर सूर बंद करून ए. व्ही. सी.चा दाब उच्च रोधाच्या मीटरने पाहावा. शेवटच्या डब्यापासून आरंभ करून मागे यावे. माथा उंचावेल तसा यंत्राचा संकेत कमी करीत जावे. स्क्रू फिरविण्यासाठी लोखंडी हत्यार वापरू नये; बांबूची किंवा फायबरची काडी घ्यावी. लोखंड जवळ नेले की कॉइलचा गुण बदलतो, आणि दूर केले की जुळणी पुन्हा बिघडते.

मग डायल. मध्यम लहरींसाठी २०० पिकोफॅरडच्या कंडेन्सरमधून संकेत एरियलला द्यावा. ६०० वर पॅडर किंवा कॉइलचा गाभा फिरवून काटा जागेवर आणावा. १४०० वर तेच काम ट्रिमर करतो. एक टोक जुळविले की दुसरे थोडे हलते, म्हणून हा फेरा दोन-तीन वेळा करावा लागतो. त्यानंतर याच दोन ठिकाणी एरियलची कॉइल व ट्रिमर यांचा माथा काढावा. येथे उतावळेपणा केला तर एका टोकास सांगली जागेवर येते आणि दुसऱ्या टोकास धारवाड ढळते.

लघुलहरींवर आणखी एक फसवणूक दबा धरून असते. रेडिओ सिलोनच्या गाण्यांसाठी ज्या ४१ मीटरच्या पट्ट्यावर लोक काटा फिरवीत, तेथे ट्रिमर फिरविताना एकाऐवजी दोन माथे सापडतात. दोन्ही ठिकाणी सूर ऐकू येतो, पण खरा एकच. बहुतेक संचांत रेडिओची स्वतःची लहर येणाऱ्या लहरीच्या वर असते. ती तशी असेल तर ७००० किलोहर्ट्झचा संकेत डायलवर ७००० पाशी मोठा आणि ६०९० पाशी, म्हणजे ४५५ च्या दुपटीने खाली, क्षीण असा दुसऱ्यांदा ऐकू येतो. हे दुसरे रूप खाली न येता वरच्या बाजूस आले, तर ट्रिमर चुकीच्या माथ्यावर बसला आहे असे समजावे. एवढी परीक्षा न केल्यामुळे पुष्कळ चांगल्या रेडिओंचा लघुलहरींचा पट्टा कायमचा मुका झालेला असतो.

अचूक लहर देणारी अंकीय यंत्रे आज बाजारात आहेत आणि ज्याला नवे घ्यावयाचे आहे त्याने ती अवश्य घ्यावी. परंतु जुन्या यंत्राला मोडीत काढण्याचे तेवढ्याने कारण नाही. ज्याचा पासंग माहीत आहे असे साधे यंत्र हे, ज्याच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला जातो अशा भारी यंत्रापेक्षा अधिक उपयोगाचे. पासंगाचा आलेख तारीख घालून यंत्राच्या झाकणाच्या आत चिकटवावा आणि दरवर्षी पावसाळा संपल्यावर तो पुन्हा ताडून पाहावा. मग बेळगावातल्या एखाद्या जुन्या घरी फडताळावर धूळ खात पडलेला रेडिओ उघडला जाईल, तेव्हा दोन केंद्रांचे आवाज एकमेकांत मिसळणार नाहीत. आणि घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला हवी ती भाषा, हव्या त्या जागी, स्वच्छ ऐकता येईल.